भिलाईचा मतदार आणि त्याची भाषा

भारतीय भाषांचे अभ्यासक मतदारयाद्या सहसा वाचीत नाहीत. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचे खंड त्यांच्या हाताशी असतात, जनगणनेतील मातृभाषांची कोष्टके त्यांच्या परिचयाची असतात. परंतु मतदारयादी ही राज्यशास्त्राची वस्तू, तिच्यात भाषेचे काय असणार, अशी एक समजूत रूढ आहे. ही समजूत किती अपुरी आहे हे पाहावयाचे असेल तर छत्तीसगढमधील भिलाईकडे वळावे. जनगणनेत मनुष्य आपली भाषा सांगतो आणि विसरून जातो. मतदारयादीत तो आपले नाव, बापाचे वा नवऱ्याचे नाव आणि घराचा क्रमांक एवढेच सांगतो, आणि त्याच्या बळावर दर पाच वर्षांनी सत्तेच्या वाटपात भाग घेतो. भाषा त्या यादीत बोलत नाही, नावांतून डोकावते. ती मतपेटीपर्यंत पोचते काय, हा खरा प्रश्न आहे. आणि भिलाईने गेल्या काही दशकांत त्याचे दिलेले उत्तर भाषाभ्यासकांना वाटते तितके सुखद नाही.

भिलाईचा उल्लेख भाषणांतून ‘लघु भारत’ असा होतो. ह्या बिरुदात अतिशयोक्ती नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मधल्या चार वर्षांत हावडा-मुंबई लोहमार्गावरील एका लहानशा स्थानकाभोवती आंध्र, केरळ, बंगाल, ओरिसा, पंजाब, बिहार, पूर्व उत्तर प्रदेश आणि विदर्भ येथून माणसे येऊन दाखल झाली. आज टाऊनशिपच्या सेक्टरांतून फिरताना अय्यप्पा, बालाजी आणि जगन्नाथ यांची मंदिरे, कालीबाडी आणि गुरुद्वारा अशी देवस्थाने एकापाठोपाठ एक लागतात. भाद्रपदात गणपती बसतो आणि आश्विनात दुर्गेचे मंडप उभे राहतात. एका पाहुण्याला एका दिवसात सारा देश दाखवावयाचा असेल तर ह्याहून सोयीचे गाव सापडणे कठीण. मात्र हा देश ज्या शेतांवर उभा राहिला त्या शेतांची भाषा छत्तीसगढी होती, आणि एका दिवसाच्या फेरफटक्यात तिचे देऊळ बहुधा दाखविले जात नाही.

मराठी वाचकाने येथे थोडे मागे जावे, कारण ह्या प्रदेशात मराठी माणूस पोलादाबरोबर आला असे नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढवर बसला तेव्हापासून त्याचा राबता आहे. पुढे मध्य प्रांताची राजधानी १९५६ पर्यंत नागपूरच असल्याने दुर्ग, रायपूर, राजनांदगाव ह्या गावांतील कचेऱ्या, न्यायालये आणि शाळा यांत मराठी घराणी स्थिरावली होती. ह्या घराण्यांनी एक गोष्ट केली, जिचे महत्त्व वाङ्मयाच्या इतिहासात मान्य झाले असले तरी राजकारणाच्या इतिहासात झालेले नाही. त्यांनी घरातील भाषा मराठी ठेवली आणि सार्वजनिक भाषा म्हणून हिंदी पत्करली. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले ते हिंदीत, आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ व समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेले तेही त्यांनीच. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी आणि कादंबरीकार, ते स्वतः हिंदीचे. एकाच घरातून दोन साहित्यांना दोन माणसे मिळाली, ह्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे.

हाच करार निवडणुकीतही दिसतो. दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त नागपूरच्या विधानसभेचे अध्यक्ष होते, आणि संविधानाचा हिंदी अनुवाद करणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. त्या दुर्गने १९५२ साली पहिल्या लोकसभेवर पाठविले ते वा. श्री. किरोलीकर यांना, आणि १९६७ साली वि. या. तामस्कर यांना. दोन्ही आडनावे उघड मराठी. पण दोघेही निवडून आले ते काँग्रेसचे म्हणून. मराठी मतांच्या बळावर दुर्गमधून कोणी निवडून येणे संख्येच्या दृष्टीनेच अशक्य होते. तामस्करांच्या नंतरच्या पोटनिवडणुकीत चंदूलाल चंद्राकर निवडून आले आणि तेथून पुढे दुर्गच्या लोकसभा मतदारसंघात एक वेगळेच पर्व सुरू झाले. चंद्राकर हे हिंदी पत्रकारितेतील मोठे नाव. दिल्लीच्या ‘हिंदुस्तान’चे संपादकपद त्यांनी भूषविले होते, आणि तरीही पुढे स्वतंत्र छत्तीसगढ राज्याच्या मागणीचे ते एक प्रमुख पुरस्कर्ते झाले. दुर्ग जिल्ह्याच्या ग्रामीण भागाला आपल्या भाषेचा माणूस सापडला होता. भिलाईचे काय झाले हे पाहण्यासाठी विधानसभेकडे यावे लागते.

१९९० पासून २०२३ पर्यंत भिलाईच्या मतदारसंघात विधानसभेच्या आठ निवडणुका झाल्या. २००८ च्या पुनर्रचनेनंतर त्याचे नाव भिलाई नगर असे झाले. आठ निवडणुकांत निवडून आल्या त्या तीनच व्यक्ती. भारतीय जनता पक्षाचे प्रेमप्रकाश पांडेय १९९०, १९९३, २००३ आणि २०१३ साली. काँग्रेसचे बदरुद्दीन कुरैशी १९९८ आणि २००८ साली. आणि काँग्रेसचेच देवेंद्र यादव २०१८ आणि २०२३ साली. १९९३ ते २०१३ ह्या वीस वर्षांत पांडेय आणि कुरैशी यांना मतदारांनी आलटून पालटून पाठविले आणि आलटून पालटून परत बोलाविले. ह्यावरून कोणी म्हणेल की राज्यात जी लाट येते तिच्याबरोबर भिलाई वाहत जाते. तसे नाही. १९९३ साली मध्य प्रदेशात काँग्रेस सत्तेवर आली तेव्हा भिलाईने भाजपला निवडले. २००८ आणि २०२३ साली छत्तीसगढमध्ये भाजपचे सरकार आले तेव्हा भिलाई नगरने काँग्रेसला. आठांपैकी तीन वेळा हा मतदारसंघ प्रवाहाच्या विरुद्ध गेला. २०१८ साली यादव यांचे मताधिक्य २,८४९ होते आणि २०२३ साली अवघे १,२६४. असा मतदार कोणाच्या खिशात नसतो.

आणि तो भाषेच्या किंवा धर्माच्याही खिशात नसतो, असे म्हणावयास जागा आहे. मुसलमानांचे प्रमाण थोडे असलेल्या ह्या शहराने एका मुसलमान उमेदवाराला दोनदा विधानसभेत पाठविले. खुर्सीपारसारख्या वस्तीत तेलुगू बोलणारे मोठ्या संख्येने राहतात; पण तेलुगूंचा असा आमदार भिलाईने ह्या आठ निवडणुकांत पाठविला नाही, तसा मराठी, मलयाळी किंवा बंगाली भाषकांचाही नाही. प्रत्येक उमेदवार भाषिक मंडळांच्या दारी जातो, हार स्वीकारतो, त्या त्या भाषेतील चार शब्द उच्चारतो, आणि व्यासपीठावर चढताच हिंदीत बोलू लागतो. राष्ट्रीय एकात्मतेचे पुरस्कर्ते ह्या दृश्याने भारावून जातात. भाषावार प्रांतरचनेच्या वेळी ज्यांनी भाषिक मतदानाची भीती घातली होती, त्यांना भिलाईने खोटे पाडले, असा त्यांचा युक्तिवाद असतो.

हा युक्तिवाद सरळ वाटतो. परंतु त्याच्या शेजारी बेळगाव ठेवले की तो डळमळू लागतो. बेळगावच्या मराठी मतदाराने दशकानुदशके महाराष्ट्र एकीकरण समितीला मते दिली. राज्य पुनर्रचनेचा निर्णय मान्य नाही हे सांगण्याचे त्याच्याजवळ तेच साधन होते. समितीची ताकद पुढे घटली. २०१३ साली तिचे दोन आमदार निवडून आले, २०१८ आणि २०२३ साली एकही नाही. तरीही मराठी म्हणून मत देणे म्हणजे काय हे बेळगाव, खानापूर, निपाणी येथील वृद्धांना समजावून सांगावे लागत नाही. भिलाईचा मराठी मतदार त्याच भाषेचा, बहुधा त्याच संतांचे अभंग म्हणणारा. पण मराठी म्हणून मत देण्याची कल्पना त्याला हास्यास्पद वाटेल. फरक स्वभावाचा नाही, औदार्याचा तर नाहीच. बेळगावकराच्या भाषेखाली जमीन आहे, आणि ती जमीन कोणत्या राज्यात असावी ह्याचा वाद आहे. भिलाईकराच्या भाषेखाली क्वार्टर आहे, आणि ते क्वार्टर कारखान्याचे आहे. भाषा मत देते ती बहुतेक तिच्या पायाखाली जमीन असेल तेव्हाच. जमिनीवरून उठून आलेली भाषा उत्सव करते, मंडळ काढते, वाचनालय चालविते, परंतु उमेदवार उभा करीत नाही.

क्वार्टर हा शब्द येथे सहज आलेला नाही. भिलाई टाऊनशिपमधील मतदाराचे राजकारण समजून घ्यावयाचे तर विचारसरणीपेक्षा क्वार्टरपासून आरंभ करणे बरे. घर कारखान्याने दिले, पाणी कारखान्याने दिले, वीज, शाळा, रुग्णालय, बागा सारे कारखान्याचे. नोकरी संपली की घरही सोडावयाचे. एखाद्याने तीस-पस्तीस वर्षे ज्या पत्त्यावर मत दिले तो पत्ता निवृत्तीच्या दिवसापासून दुसऱ्याचा. ह्या शतकाच्या प्रारंभी काही क्वार्टरे दीर्घ मुदतीच्या लीजवर कर्मचाऱ्यांना देण्यात आली, आणि त्या लीजची नोंदणी, तिचे हक्क, उरलेल्या घरांचे भवितव्य हे विषय पुढे निवडणुकीत पुन्हापुन्हा उपस्थित झाले. गळकी छपरे, पाण्याची वेळ, निवृत्तांची घरे, रुग्णालयातील डॉक्टरांची उणीव: येथील प्रचाराची भाषा ही अर्जाची भाषा आहे. ती हिंदीत आहे, कारण अर्ज हिंदीत लिहिला जातो. ती कोणाची मातृभाषा नसल्यामुळे सर्वांना सारखीच सोयीची आहे. आणि नेमक्या ह्याच कारणामुळे तिच्यात कोणाचे दुःख पुरतेपणी मावत नाही.

साऱ्या देशातून आलेल्या कामगारांच्या ह्या नगराने, दुर्गापूरप्रमाणे दीर्घकाळ डाव्या पक्षाला का निवडले नाही, असा प्रश्न राज्यशास्त्रज्ञ विचारतात. कारखान्याच्या फाटकात लाल झेंड्याच्या संघटना कधी दुबळ्या नव्हत्या. पण फाटकातील कामगार आणि मतदानकेंद्रातील मतदार हे एकाच देहात राहणारे दोन इसम होते, आणि दुसरा हा मुख्यतः भाडेकरू होता. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी अनेक वर्षे भिलाईत राहून केलेल्या अभ्यासाचा मोठा ग्रंथ २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी तेथील लोकांच्याच तोंडचे दोन शब्द पकडले आहेत: ‘नौकरी’ आणि ‘काम’. कारखान्याच्या पटावर ज्याचे नाव आहे त्याला नौकरी असते. ठेकेदाराच्या हाताखाली जो आज आहे आणि उद्या नाही, तो काम करतो. भाषेच्या अभ्यासकाला कोशात हे दोन शब्द समानार्थी म्हणून शेजारी ठेवण्याचा मोह होईल. भिलाईत त्यांच्यामध्ये एक भिंत आहे. भिंतीच्या आतल्या बाजूस साऱ्या देशाच्या भाषा आहेत आणि बाहेरच्या बाजूस मोठ्या संख्येने छत्तीसगढी आहे. भिंतीच्या आतील माणसेही आता कमी होत चालली आहेत. १९८० च्या दशकात साठ हजारांच्या घरात गेलेली कायम कामगारांची संख्या आज त्याच्या एक चतुर्थांशाच्या आसपास येऊन ठेपली आहे. पोलाद मात्र कमी झालेले नाही. ते आता पुष्कळ अंशी ‘काम’ करणाऱ्यांच्या हातून निघते.

ह्या भिंतीपलीकडची कथा भिलाईपासून ८०-९० किलोमीटरवरच्या दल्ली-राजहरा येथे वेगळ्या रीतीने घडली. तेथील खाणींतून भिलाईच्या झोतभट्ट्यांना लोहखनिज जाते. खाणकामगार बहुतांशी छत्तीसगढचे, त्यांत आदिवासी पुष्कळ. त्यांच्यात जाऊन राहिलेला शंकर गुहा नियोगी हा मूळचा बंगाली तरुण. तो प्रथम भिलाईच्या कारखान्यात कामाला लागला होता, तेथून त्याला काढण्यात आले, आणि नंतर त्याने छत्तीसगढी इतकी आत्मसात केली की परका म्हणून त्याला वेगळे काढणे विरोधकांनाही अवघड गेले. त्याच्या संघटनेची सभा छत्तीसगढीत होई, गाणी छत्तीसगढीत रचली जात, आणि १८५७ साली फाशी गेलेल्या वीर नारायणसिंहाचे स्मरण ती दरवर्षी करी. ह्या चळवळीतून छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचे जनकलाल ठाकूर डौंडी-लोहारा मतदारसंघातून १९८५ साली आणि पुन्हा १९९३ साली विधानसभेत गेले. कारखाना एकच. त्याच्या खाणीतील मजुरांनी आपल्यातला माणूस विधानसभेत पाठविला. त्याच्या टाऊनशिपने नाही.

नियोगी १९९० च्या सुमारास पुन्हा भिलाईकडे वळले ते खाजगी कारखान्यांतील ठेका कामगारांसाठी. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतील हुडको वसाहतीत, झोपेत असताना, त्यांची गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी पॉवरहाऊस स्थानकात लोहमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात १५ हून अधिक कामगार मारले गेले. ह्यानंतर सुमारे दीड वर्षाने निवडणूक झाली. डौंडी-लोहाऱ्याने ह्या रक्ताची दखल घेतली. भिलाईने त्याच आमदाराला पुन्हा निवडले. भिलाईचे मतदार निर्दय होते असा ह्याचा अर्थ नव्हे. जे मेले ते त्यांच्या शहरात राहत होते, परंतु त्यांच्या भाषेत राहत नव्हते, आणि त्यांच्या सेक्टरांत तर नव्हतेच. ‘लघु भारता’चे गोडवे गाणाऱ्या एकाही स्मरणिकेला १९९३ च्या ह्या निकालाकडे पाहवत नाही.

छत्तीसगढीची गोष्ट येथे तशीच सोडून चालणार नाही, कारण ह्या साऱ्या हिशेबात सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी मोजली गेलेली भाषा तीच आहे. तिला १८८५ च्या सुमारास हीरालाल काव्योपाध्यायांनी व्याकरण दिले आणि ग्रिअर्सनने त्याचा इंग्रजी अनुवाद केला. भिलाईजवळच्या गनियारी गावात जन्मलेल्या तीजनबाईंनी पंडवानी जगभर नेली, आणि त्यांना भिलाईच्याच कारखान्याने नोकरी दिली. म्हणजे भाषेला व्याकरण होते, महाकाव्य होते, आणि गायिकेला क्वार्टरही मिळण्यासारखे होते. तरीही जनगणनेत ती हिंदीच्या रकान्यात मोजली जाते. २८ नोव्हेंबर २००७ रोजी छत्तीसगढ विधानसभेने छत्तीसगढीला हिंदीच्या जोडीने राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक संमत केले. त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष होते भिलाईचे आमदार प्रेमप्रकाश पांडेय. ज्या शहरात रस्त्यावर छत्तीसगढी सर्वांत कमी कानी पडते, त्याच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखालील सभागृहाने तिला हा मान द्यावा, ह्यात विसंगती शोधण्याचे कारण नाही, असे घडते. परंतु ह्या कायद्याने भिलाईच्या प्रचारसभांची भाषा बदलली नाही, आणि कचेऱ्यांची तर मुळीच नाही.

जमीन असलेली भाषा मत कशी देते ह्याचा पुरावा त्याच दुर्ग लोकसभा मतदारसंघात दीड वर्षाच्या आत मिळाला. १९९६ पासून सलग चार वेळा भाजपचे खासदार राहिलेले ताराचंद साहू पक्षापासून तुटले आणि २००९ साली छत्तीसगढिया स्वाभिमानाच्या नावावर स्वबळावर उभे राहिले. भाजपच्या सरोज पांडेय आणि काँग्रेसचे प्रदीप चौबे ह्या दोघांच्या लढतीत ते तिसरे आले, परंतु अडीच लाखांहून अधिक मते घेऊन; आणि तिघांत अंतर इतके थोडे होते की निकालाला बराच वेळ रंग चढला नव्हता. त्यांच्या प्रचारात ‘परदेसिया’ हा शब्द होता. तो ऐकून भिलाईच्या सेक्टरांत अस्वस्थता पसरणे स्वाभाविक होते. ह्या राजकारणात कटुता होती आणि तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण पन्नास वर्षे ज्यांच्या भाषेला भिलाईत फक्त स्वागतगीतापुरते व्यासपीठ मिळाले, त्यांनी अखेर तिला घोषणा बनविली, ह्याबद्दल नवल करणाऱ्यांनी आधीच्या पन्नास वर्षांबद्दल नवल केलेले आढळत नाही.

२००८ च्या पुनर्रचनेने भिलाईचे दोन तुकडे झाले. टाऊनशिप आणि खुर्सीपारसारख्या वस्त्या भिलाई नगरात राहिल्या. सुपेला, वैशाली नगर आणि आसपासच्या वसाहती मिळून वैशाली नगर हा नवा मतदारसंघ झाला. नव्या मतदारसंघाचा इतिहास अल्प आहे आणि फार सांगण्यासारखा नाही: २००८ साली सरोज पांडेय, त्या लोकसभेत गेल्यावर पोटनिवडणुकीत काँग्रेसचे भजनसिंह निरंकारी, २०१३ आणि २०१८ साली विद्यारतन भसीन, २०२३ साली रिकेश सेन. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की निवृत्त झालेला, क्वार्टर सोडलेला आणि स्वतःची वीट रचलेला भिलाईकर पुष्कळ अंशी ह्या दुसऱ्या मतदारसंघात गेला, आणि पोटनिवडणूक वगळता त्याने प्रत्येक वेळी एकाच पक्षाला मत दिले. पहिल्या मतदारसंघातील चंचलता दुसऱ्यात नाही. घर स्वतःचे झाले की मतही स्थिरावते, असे म्हणण्याचा मोह होतो. चार-पाच निवडणुकांवरून नियम सांगू नये.

आता पुन्हा मतदारयादीकडे. ४ नोव्हेंबर २०२५ पासून छत्तीसगढसह बारा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश यांत मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले. छत्तीसगढमध्ये यापूर्वीचे असे पुनरीक्षण २००३ चे. मतदाराने त्या जुन्या यादीत आपले, किंवा आपल्या आईबापांचे, नाव दाखवावे. दाखविता न आल्यास कागदपत्रे आणावीत, अशी रीत ठरली. खेड्यातील मनुष्याला हे तितकेसे अवघड नाही, कारण तो, त्याचा बाप आणि त्याचे घर एकाच यादीच्या एकाच भागात असतात. भिलाईत काय होते? २००३ साली ज्या क्वार्टरात नाव होते ते क्वार्टर आता दुसऱ्याचे. बाप निवृत्त होऊन श्रीकाकुळमला, देवरियाला किंवा भंडाऱ्याला परतलेला, किंवा तो भिलाईस कधी आलाच नव्हता आणि त्याचे नाव तिकडच्या यादीत. ती यादी आंध्रात तेलुगू लिपीत, ओरिसात ओडिया लिपीत, पश्चिम बंगालमध्ये बंगालीत. छत्तीसगढची यादी हिंदीत.

येथे भाषाभ्यासकाचे काम सुरू होते, आणि ते दुसरा कोणी करणार नाही. हिंदीच्या व्यवहारातील वर्णमालेत ‘ळ’ नाही. तेव्हा महाराष्ट्राच्या यादीतला काळे भिलाईच्या यादीत काले होतो, गोखले तसाच राहतो, आणि टिळक तिलक होतो. दोन्ही याद्या देवनागरीत असूनही बापलेकांची आडनावे जुळत नाहीत. तेलुगू माणूस घराण्याचे नाव आधी लिहितो; हिंदी यादीत ते आद्याक्षर होते, किंवा शेवटी जाते, किंवा गळून पडते. पुष्कळ मलयाळी नावांत आडनाव असे नसतेच. जे असते ते घराचे वा बापाचे नाव, आणि तेही एका अक्षरात मिटलेले. ज्या मराठी स्त्रीच्या नावात नवऱ्याचे नाव मध्ये बसते तिच्या नावाचे हिंदीत दोन तुकडे होतात; छत्तीसगढी बाईला मात्र ‘बाई’ जोडून तिचे सगळे नाव पुरे होते. शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा कारकून मतदानकेंद्राचा अधिकारी म्हणून दारोदार जातो तेव्हा ह्या रूपांतरांचे कोणतेही कोष्टक त्याच्या हाती नसते. तो कानाने ऐकतो आणि हाताने लिहितो. संगणक अक्षराशी अक्षर जुळवितो. ज्या मतदारसंघात १,२६४ मतांनी निकाल लागतो, तेथे काळे आणि काले यांच्यातील अंतर हा केवळ वर्णविचाराचा विषय राहत नाही.

विद्यापीठांतील भारतीय भाषांचे विभाग नामविज्ञानावर परिसंवाद भरवितात. त्यांत ग्रामनामे येतात, देवतानामे येतात, क्वचित आडनावेही येतात. भिलाईसारख्या गावातील नावे एका लिपीतून दुसरीत जाताना कोणती रूपे घेतात ह्याची साधी सूची, तेलुगू, मराठी, ओडिया, मलयाळम, बंगाली आणि पंजाबी ह्या सहा भाषांपुरती का होईना, एखाद्या विभागाला दोन वर्षांत तयार करता येईल. त्यासाठी मोठे अनुदान लागत नाही. त्या त्या भाषेचे एक-दोन जाणकार आणि यादी हातात घेऊन सेक्टर आणि खुर्सीपार फिरण्याची तयारी लागते. अशी सूची निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर असती तर तिकडच्या यादीतील टिळकांचा मुलगा इकडच्या यादीत तिलक झाला म्हणून परका ठरण्याचे भय राहिले नसते. छत्तीसगढी नावांची सूची तर सर्वप्रथम व्हावयास हवी, कारण ती नावे हिंदीत ‘शुद्ध’ करून लिहिण्याची सवय तेथील शाळांना फार जुनी आहे, आणि समारूचे समारूराम, बुधियाचे बुधियाबाई होताना घरातल्या माणसाला कोणी विचारीत नाही.